काकीच्या घरचा मेपल बार

चंद्रभागा काकीच्या घरात एकही बाटली उभी नसते. खोबरेल तेलाची आडवी, फिनेलची आडवी, सॉसची आडवी. देवघरातली गंगाजलाचीसुद्धा आडवी, तिच्या तोंडाखाली एक वाटी. फ्रीज उघडला की सगळा माल दवाखान्यात भरती झाल्यासारखा दिसतो.

कारण नऊ वर्षांपूर्वीचं आहे. आमच्या सातविणवाडीत तेव्हा देशी दारूचं दुकान होतं आणि ते बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. दुकान राहू द्यायचं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडव्या बाटलीवर. काकीने घरोघर फिरून एकच धडा दिला, "उभी दिसली की आडवी करायची." बायका शिकल्या, दुकान बंद झालं, पण काकीची सवय सुटली नाही. पोलादपूरला कुणाच्या लग्नाला गेली तर टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्याही आडव्या करते. वाढपी उभ्या करतो, ती आडव्या करते. मठ्ठा येईपर्यंत हे चालतं.

मी अंकिता, तिची पुतणी. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काका मुंबईला असतो, मुलगा हर्षद कॅनडात, त्यामुळे काकीला घरात ओरडायला मीच. बाकीच्या वेळात मी महाडच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला जाते.

यंदा भानगड वाडीच्या फाट्यावर झाली. तिथल्या भरत शेठच्या 'हॉटेल गारवा'त आधी मिसळ मिळायची. मिसळीत पाणी फार, अशी लोकांची तक्रार होती. शेठनी ती मनावर घेतली आणि परमिट रूम काढली.

पहिली पाळी सुटल्यावर माझी घरी परतायची बस साडेतीनला फाट्यावर थांबते. गारवाच्या ओट्यावर बसलेले सहा-सात जण रोज विचारतात, "मॅडम, किती वाजले?" सगळ्यांच्या हातात मोबाईल असतात. मी तीन महिने न चुकता "साडेतीन" सांगते आहे. बाकीच्या मुली आता पुढच्या फाट्याला उतरतात आणि दीड किलोमीटर मागे चालत येतात.

म्हणून पुन्हा बाटलीचं मतदान लागलं होतं, येत्या रविवारी, शाळेत. यात एक मेख असते. आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडावे लागतात. यादीत एकशे अठरा नावं. म्हणजे साठ शिक्के हवेत. जी घरात बसली ती आपोआप उभ्या बाटलीची.

काकीने पहिली सभा घेतली तेव्हा अकरा जणी आल्या. त्यातल्या एकीला वाटलं होतं गॅसची केवायसी आहे. त्याच वेळी भरत शेठच्या घरी हळदीकुंकू होतं आणि वाण म्हणून स्टीलचा डबा.

"चहा-बटरावर बायका येत नाय आता," काकी म्हणाली. "कायतरी असं पायजे गो, जे शेठच्या बापानं बघितलं नसंल."

ते कॅनडाहून आलं. हर्षदचा एक मित्र सुट्टीवर आला होता, त्याच्याबरोबर त्याने आईसाठी मेपल सिरपची बाटली पाठवली. काकी ती घ्यायला महाडच्या डेपोत गेली. बाटली काचेची, चपटी, मानेला इवलासा कान, आत तांबूस सोनेरी द्रव. ती फुटू नये म्हणून काकीने पदराखाली धरली. चंद्रभागा काकी पदराखाली चपटी धरून महाड ते पोलादपूर बसलेली अख्ख्या एसटीने बघितली.

हर्षदने फोनवर समजावलं, "आई, ते झाडाचं पाणी असतं. झाडाला भोक पाडून काढतात आणि आटवतात."

"म्हंजे माडी."

"माडी नाय गं."

"झाडातनं काढतात नि माडी नाय?"

"आई, ते वेगळं झाड हाय."

"झाड वेगळं असंल. माणसं सगळीकडं सारखीच."

मग त्याने एक रेसिपी पाठवली. मेपल बार. आधी केकसारखं पीठ भाजायचं, वर मेपलचा पाक ओतायचा, लांबट तुकडे कापायचे. वर लिहिलं होतं, 'अगदी लहान मुलंही करू शकतात.' आम्ही मात्र दोघी मोठ्या होतो, त्यामुळे धोका होता.

ओव्हन माझ्याकडे होता. कारखान्यात सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य स्पर्धा होते. मी लिहिलं होतं, 'आग लागण्याआधीच विझवा.' परीक्षकांनी त्यावर बराच वेळ विचार केला आणि पहिलं बक्षीस दिलं. बक्षीस ओव्हन होतं.

ठरलं असं की शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, चार वाजता सभा घ्यायची. कॅनडाचा खाऊ म्हटल्यावर बायका येतील, खाता खाता काकी मतदानाचं सांगेल. निरोप टाकायचं काम माझ्याकडे. 'सातविणवाडी फक्त महिला' या ग्रुपवर मी लिहिलं:

'शुक्रवारी दुपारी ४ वाजता चंद्रभागा काकींच्या घरी मेपल बार. थेट कॅनडाचा माल. मोफत. सर्वांनी यावे. उशीर केल्यास संपेल.'

मला स्वतःला त्यात काही चूक दिसली नाही. फक्त एक गोष्ट मी विसरले. फक्त महिलांच्या त्या ग्रुपवर चाळीस नंबर आहेत आणि त्यातले चौतीस नवऱ्यांचे आहेत.

शुक्रवारी सकाळी आम्ही ओव्हन काकीच्या ओट्यावर आणला आणि कामाला लागलो. रेसिपीत ब्राऊन शुगर होती. मी आदल्या दिवशी महाडच्या बाजारात विचारली, तर दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे साखर ब्राऊन झाली की आम्ही परत पाठवतो." म्हणून गूळ किसला. अंडं होतं, पण बयाआजी माळकरी, तिला चालणार नाही, म्हणून दही आणि खायचा सोडा. लोणी घरचं. अक्रोड नव्हते, काजू होते.

"मैदा किती?" काकी म्हणाली.

"दोनशे चाळीस ग्रॅम."

"म्हंजे किती?"

"काकी, वजन केलंय मी."

"हाताला लागंल तेवढा घाल की. औषध करतीस काय?"

मी औषधच करते. लोणी आणि गूळ फेसला, दही घातलं, मैदा चाळून घातला, ताटलीला तूप लावून पीठ पसरलं. एकशे ऐंशी अंशावर पंचवीस मिनिटं. ओव्हन लावला की काकीच्या घरातला पंखा हळू होतो आणि आमच्या घरातला टीव्ही बंद पडतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पंधरा मिनिटांत असा वास सुटला की काकीचा बोका, जो मांजराच्या जातीत मोडतो हे आम्ही विसरलो होतो, तो माळ्यावरून खाली उतरला.

साडेतीनपर्यंत चार ताटल्या तयार झाल्या. वरून तांबूस, कडेला कुरकुरीत, मधोमध सुरी खुपसली तर कोरडी बाहेर. आता फक्त वरचा पाक.

काकी फडताळाकडे गेली आणि तिथेच थांबली.

आदल्या दिवशी तिने झाकण उघडून वास घेतला होता, मादक आहे का ते बघायला. मादक नव्हतं. मग तिने झाकण नुसतं टेकवलं आणि बाटली, नऊ वर्षांच्या सवयीने, आडवी ठेवली.

मेपल सगळा गेला होता. वरच्या फळीवरून खालच्या फळीवर, तिथून भिंतीवरून जमिनीवर. मुंग्यांची रांग फडताळापासून मागच्या दारापर्यंत, तिथून अंगणात आणि तिथून, माझ्या अंदाजाने, महाबळेश्वरपर्यंत. बाटलीत चमचाभरही उरला नव्हता.

काकीने बाटली उचलली आणि उभी धरली. बराच वेळ धरली.

"पोरानं सातासमुद्रापल्याडनं पाठवला," ती म्हणाली, "नि मी मुंग्यांना पाजला."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. अंगणात हैबतीआजोबा उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, एका हातात स्टीलचा ग्लास, दुसऱ्या हातात चण्याची पुडी. त्यांच्या मागे वाडीतले झाडून सगळे पुरुष. आंघोळ करून आलेले. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर इतके स्वच्छ पुरुष वाडीने बघितले नव्हते.

"चंद्रभागा," आजोबा अदबीने म्हणाले, "किती वाजता उघडणार?"

"काय उघडणार?"

"बार."

मला सगळं एकदम समजलं. मी सावकाश खाली बघितलं.

"आजोबा, तो बार नाय. खायचा बार हाय," मी म्हणाले.

"खायचा बार मी घरनं भरून आलोय," असं म्हणून त्यांनी गालातली तंबाखू दाखवली. "आता प्यायचा बगू."

आणि मग बायका आल्या. ज्या अकरा सभेला आल्या होत्या, त्या सगळ्या आल्या आणि उरलेल्याही आल्या, कारण प्रत्येकीचा नवरा, सासरा किंवा दीर आमच्या अंगणात उभा होता. पुढे बयाआजी, हैबतीआजोबांची बायको, वाडीतली सगळ्यात वडीलधारी. ती जिकडे मान हलवते तिकडे बायकांचे वीस-पंचवीस शिक्के पडतात.

"म्हातारा सकाळपास्नं दोनदा न्हाला, तवाच मला कळलं," बयाआजी म्हणाली. मग ती काकीकडे वळली. "नि तू गो? नऊ वर्सं आमाला बाटल्या आडव्या करायला लावल्यास. माझ्या गुडघ्याचं तेल सांडलं. नि आता सोता बार काढलास?"

"आत्याबाई, तसं नाय हो. ही पोरगी..."

"पोरगीवर ढकलू नको. आयतवारी आमी कोन येत नाय. माजं शेत हाय, माजी भांगलण हाय."

मागच्या बायकांनी माना हलवल्या. काकीचा चेहरा उतरला. एका दुपारीत साठ शिक्के अंगणातून उठून निघाले होते.

तेवढ्यात भरत शेठ आले. ते मोबाईलवर व्हिडिओ काढतच आले.

"माझ्याकडं लायसन हाय," ते मोबाईलला म्हणाले. "काकींकडं काय हाय, ते जनतेनं बघावं."

"बार नाय की बिर नाय, खाऊ हाय खाऊ," काकी म्हणाली आणि तिने एक ताटली बाहेर आणून पडवीच्या कट्ट्यावर ठेवली. बयाआजीने कोपरा मोडून तोंडात टाकला. ती बराच वेळ चावत राहिली.

"हे तर कोरडं बटर हाय," आजी शेवटी म्हणाली. "ह्यात कॅनडा कुठाय?"

"कॅनडा सांडला," मी म्हणाले.

शेठचा मोबाईल खिडकीकडे गेला. आत ओट्यावर रिकामी चपटी उभी होती.

"सांडला नाय," शेठ म्हणाले. "संपवला."

पुरुषांच्या घोळक्यातून एक उसासा निघाला. त्यात दुःख होतं, पण आदरही होता.

काकी वळली आणि आत आली. मी तिच्या मागे. मला वाटलं ती रडेल. ती तांदळाच्या पिंपामागे खांद्यापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होती. हात बाहेर आला तेव्हा त्यात रमचा खंबा होता. भरलेला.

मी खाली बसले.

"बघतीस काय अशी. काकवी हाय," काकी कुजबुजली. काकीचं माहेर घाटावर, वाईकडे. तिचा भाऊ दर वर्षी गुऱ्हाळावरून काकवी पाठवतो. "किती येळा सांगितलं त्याला, बरणीत दे. तो ह्यातच भरतो. वर कागदाचा बोळा. आडवी केली की गळते. म्हनून ही एकच घरात उभी."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्सं. तांदूळ घ्यायला पण मी कुनाला आत सोडत नाय."

माझं डोकं अशा वेळी बरं चालतं. मी म्हणाले, "काकी, पातेल्यात ओत, लोणी घालून गरम करू, पातेलं बाहेर नेऊ. बाटली राहू दे इथेच. कुणाला कळणार नाय."

काकीने पातेलं घेतलं. बोळा काढला. बाटली वाकडी केली आणि पुन्हा सरळ केली.

"ती चपटी निष्पाप होती, तरी धरली गेली," ती म्हणाली. "ही उद्या कोन पिंपामागं बघंल तर मी काय सांगू? नि पुढच्या वर्षी भाऊ दुसरी पाठवंल, तिचं काय सांगू?" तिने पातेलं खाली ठेवलं आणि खंबा घेऊन बाहेर गेली.

अंगणात एवढी शांतता झाली की हैबतीआजोबांच्या पुडीतला चणा पडलेला ऐकू आला.

"उघडला," आजोबा समाधानाने म्हणाले आणि ग्लास पुढे केला.

काकीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चारही ताटल्या कट्ट्यावर मांडायला लावल्या आणि बाटली पहिल्या ताटलीवर उलटी धरली. रम असती तर भसकन आली असती. काकवी तशी येत नाही. ती विचार करून येते. आधी नुसतं तोंडाशी काळसर थेंब जमला, मग तो लांब झाला, मग त्याची दोरी झाली. ऊन तिरकं होतं, दोरी चमकत होती. काकी एका ताटलीवरून दुसरीवर सावकाश हात फिरवत गेली. गरम पिठाला काकवी लागली आणि उसाच्या गुऱ्हाळाचा वास अंगणभर झाला. कुणी जागचं हललं नाही. शेठही हलले नाहीत, मोबाईल वर धरून उभे राहिले.

"माझ्या माहेरची काकवी हाय," काकी म्हणाली. "बाटली ही असली, म्हनून तुमच्यापास्नं लपवली. नऊ वर्सं भरलेली ठेवली, उभी ठेवली. माझी चूक हाय." शेवटचा थेंब पडला. तिने रिकामा खंबा कट्ट्यावर ठेवला. उभा. "आता हिचं काय करायचं ते तुमी सांगा."

पन्नास बायकांनी एकत्र, शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात म्हटलं, "आडवी."

त्यांनी ठरवून म्हटलं नसावं. नऊ वर्षांची घोकंपट्टी होती, ती तोंडातून गेली. बयाआजी तर म्हणता म्हणता पुढेही झाली आणि बोटाने तिने बाटली टुक करून पाडली.

मी काजूचे तुकडे टाकले आणि सुरी घेतली. रेसिपीत लांबट तुकडे होते, पण सुरी काकीने काढून घेतली आणि शंकरपाळ्यासारखे कापले. चौसष्ट निघणार होते, तिथे तिने सव्वाशे काढले. बयाआजीने पुन्हा एक तोंडात टाकला. खालचं मऊ, कडा कुरकुरीत, वर काकवी दाताला चिकटणारी. आजीला दात चारच, पण चारही कामाला लागले.

"ही वडी हाय," ती म्हणाली.

"रेसिपीत बार म्हटलंय, आजी."

"मग वडी लिवायचं ना गो. एवढी मानसं उगाच आंगोळ करून आली."

मी आजीला आणखी एक वडी दिली.

पुरुष निराश झाले, पण गेले नाहीत. हैबतीआजोबांनी त्यांच्या ग्लासात चार वड्या भरून घेतल्या आणि चण्याबरोबर खाल्ल्या. भरत शेठनी तीन खाल्ल्या. एका हाताने, कारण दुसऱ्या हातात व्हिडिओ चालू होता.

तोच व्हिडिओ त्यांनी त्या संध्याकाळी वाडीच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला, मुंबईच्या मंडळाच्यासुद्धा. वर लिहिलं, 'दारूबंदीवाल्या काकींचा खंबा, पुरावा बघा.' लोकांनी पुरावा बघितला. शेवटपर्यंत बघितला. त्यात शेवटची चार मिनिटं स्वतः शेठ चावत होते आणि मागून आवाज येत होता, "काकी, अजून एक द्या."

रविवारी सकाळी मुंबईहून दोन गाड्या भरून आल्या. आमच्या यादीतल्या निम्म्या बायका नवऱ्याबरोबर तिकडेच असतात, त्यांना आणणार कसं हा प्रश्न काकीला महिनाभर छळत होता. त्यांना शेठच्या व्हिडिओने आणलं. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "वडी उरली काय?" काकी म्हणाली, "आधी शिक्का, मग वडी." मी म्हणाले असं बोलायचं नसतं, आचारसंहिता असते. मग ती म्हणाली, "आधी शिक्का. वडीचं मी काय बोललीच नाय."

आडव्या बाटलीवर बासष्ट शिक्के पडले. दोन जास्तच. तीन मतं बाद झाली. त्यातल्या एकावर शिक्का नव्हता, काकवीचा अंगठा होता. दुसरं कोरंच होतं. तिसरं बयाआजीचं होतं, हे तिनेच सगळ्यांना सांगितलं. तिने उभीवर शिक्का मारला, मग फुली मारली, मग आडवीवर मारला. "नुसती आडवीवर मारून काय व्हतंय," ती म्हणाली. "उभीला पन कळायला पायजे."

रात्री हर्षदचा फोन आला. त्याला आधी निकाल सांगितला. मग त्याने विचारलं, "आई, मेपलची चव कशी वाटली?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी फडताळाकडे बघितलं.

"काकवीसारखीच रे," काकी म्हणाली. "तुमच्याकडं जरा पातळ करत असतील. नि पुढच्या येळी बरणीत पाठव."

मेपलची खरी चव आमच्या वाडीत फक्त मुंग्यांना माहीत आहे.

मतदान जिंकलं म्हणून शटर लगेच पडत नाही, कागद फिरून यावे लागतात. ते फिरून आले आणि एका सोमवारी गारवाला कुलूप लागलं. त्या दिवशी साडेतीनच्या बसमधून माझ्याबरोबर आणखी चौघी आमच्याच फाट्यावर उतरल्या. ओटा रिकामा होता. थोडं चुकल्यासारखं वाटलं, म्हणून मग आम्हीच एकमेकींना विचारलं, "मॅडम, किती वाजले?"